पी शून्य एक तीन एक

नोव्हेंबरपासून तो पिवळा दिवा मी तीनदा पुसला.
इंजिनाचं चित्र म्हणे; मला तो पोचा आलेला गडवा वाटतो.
पुसणं सोपं आहे. एक बटण, "खात्री आहे?", होय.
दिवा जातो, आणि आठवड्याने परत येतो,
छत्री विसरल्याचं निमित्त काढून
पुन्हा दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा.

बार्बर्टन, ओहायो. उणे नऊ.
एलांट्राचं दार सताड उघडं,
बर्फात गुडघे टेकून मी स्टिअरिंगखाली डोकं घातलेलं,
बोटांनी चाचपतोय सोळा छिद्रांचं सॉकेट,
जे बसवणाऱ्याला मान नावाचा अवयव नसावा.

कोड रीडर शेजारच्या विल्मा ह्रोव्हातचा.
एकतीस वर्षं तिने रबराच्या नळ्या केल्या,
कारखान्याला कुलूप लागेपर्यंत.
"हेरम," ती विचारते
(माझ्या नावातला ब तिने पहिल्याच दिवशी सांडला),
"काय म्हणतंय?"

पी शून्य एक तीन एक.
ऑक्सिजन सेन्सर, पुढचा, व्होल्टेज कमी.
"बदलतो," मी म्हणालो, "गॅरेजवाला चारशे वीस मागतोय,
दुकानात नव्वदला आहे, पाना तुझा."
"इंजिन बंद करू नकोस," ती म्हणाली. "आकडे बघू."

धडधाकट सेन्सर एका जागी बसत नाही,
हे मला पन्नाशीत कळलं.
पॉइंट एक, पॉइंट नऊ, पुन्हा एक,
खाली-वर, खाली-वर, सेकंदाला एखादी फेरी.
माझा तळाशी बसलेला.
पॉइंट एक.
पॉइंट शून्य नऊ.
पॉइंट एक.
मेलाय, मी म्हटलं.

विल्माने टॉर्च आणला, पेटवला नाही.
नुसता प्रोपेन सोडत नळीचं टोक इंजिनावरून फिरवू लागली,
सुईत दोरा ओवताना चालतो तसा हात.
व्हॉल्व्ह कव्हरच्या मागे, करंगळीएवढ्या एका वाकणापाशी,
पडद्यावरचा आकडा उडाला. पॉइंट आठ. पॉइंट नऊ.
टोक बाजूला नेलं, खाली. जवळ आणलं, वर.
ती पुन्हा पुन्हा करत राहिली, गरज नसताना,
बहुतेक मला पटेपर्यंत.

म्हणजे जिवंत होता.
न मोजलेली हवा कुठूनतरी आत शिरतेय
एवढंच तो अडीच महिने सांगत होता,
आणि मी त्याचीच मान पिरगळायला पाना मागत होतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, मी मराठीत पुटपुटलो.
विल्माने अर्थ विचारला.
संन्यासी समजवायला दहा मिनिटं गेली.
फाशी लगेच कळली.

नळी निघाली. खालच्या अंगाला चीर,
सरळ धरली तर मिटलेली, वाकवली की दात विचकणारी.
विल्माने नखाने टोकरली, वास घेतला.
"आमची नाही," म्हणाली,
आणि ते अभिमानाने की कसं, मला ठरवता आलं नाही.
नवी, अकरा डॉलर साठ सेंट.

मी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे.
मंगळवारी केझिया एक आकडा घेऊन आली होती,
तेरा नंबरच्या विहिरीचा.
मान वर न करता मी म्हटलं, मीटर गेलंय तुझं, नवीन मागव.
ती थोडा वेळ तिथेच उभी होती.
मग "बरं" म्हणाली.

दिवा अजून आहे. या वेळी पुसला नाही.
तीन-चार फेऱ्या नीट झाल्या की आपणहून जाईल, विल्मा म्हणते,
त्याची त्याला खात्री पटू दे.

सोमवार. सव्वासहा. काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत
त्या पिवळ्या गडव्यासमोर बसलोय.
केझियाला काय म्हणायचं ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.
दोन्ही वेळा
सुरुवात मीटरपासूनच झाली.